दुकानाच्या बिलिंगमधून मंगल कार्यालयाचं बुकिंग: जुना कोड किती उचलावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरमध्ये तिघांची छोटी टीम. नमकीन-मिठाईच्या एका दुकानासाठी लारावेल हे पीएचपीचं फ्रेमवर्क आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून केलेलं बिलिंग सॉफ्टवेअर तीन वर्षं बिनबोभाट चालू आहे. आता रामबागेकडच्या एका मंगल कार्यालयाला बुकिंग, अ‍ॅडव्हान्स, पावत्या आणि हिशेब यांचं ॲप हवंय. मालकांना ‘अर्धं काम तयारच आहे, सहा आठवड्यांत देतो’ असं सांगून झालंय. जुन्यातलं काय घ्यावं, कसं घ्यावं, आणि सहा आठवडे पुरतील का?

अर्धं काम तयार नाही. ओळी मोजल्या तर निम्म्या भरतीलही, पण हिशेब ओळींचा नसतो. कोड उचलला की त्याची गृहीतकंही गपचूप सोबत येतात. दुकानाचा कोड असं धरून चालतो की गिऱ्हाईक समोर उभं आहे, माल आत्ता हातात पडतोय, पैसे आत्ता मिळताहेत आणि व्यवहार दोन मिनिटांत मिटतोय. कार्यालयाचा व्यवहार चार-सहा महिने चालतो. मध्ये तारीख बदलते, अ‍ॅडव्हान्स तीन हप्त्यांत येतो, कधी लग्नच मोडतं. ‘गिऱ्हाईक समोर आहे’ ही ओळ तुमच्या कोडमध्ये कुठेही लिहिलेली नाही. तरी ती प्रत्येक फंक्शनमध्ये मुरलेली आहे.

यंत्राच्या सुट्या भागांसारखे सॉफ्टवेअरचे तयार भाग मिळावेत, ही कल्पना डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६८ साली जर्मनीत गार्मिशच्या परिषदेत मांडली होती. पण नटबोल्टाचा आकार मापता येतो, गृहीतक मापता येत नाही. याचं सगळ्यात महागडं उदाहरण ४ जून १९९६ चं. एरियन ५ या रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन ४ मधून जसंच्या तसं घेतलं होतं. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांची दशांशी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवली जायची. १६ बिटांत चिन्हासह जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. एरियन ४ चा मार्ग असा होता की हा आकडा कधी ओलांडला जात नव्हता. एरियन ५ चा आडवा वेग सुरुवातीलाच बराच जास्त होता. सदतीस सेकंदांच्या सुमारास मुख्य आणि राखीव दोन्ही यंत्रणा पाठोपाठ बंद पडल्या, कारण राखीवमध्येही तोच कोड होता, आणि रॉकेट नष्ट झालं. कहर म्हणजे तो हिशेब रॉकेट उडाल्यानंतर एरियन ५ ला लागतच नव्हता. जुन्यात होता, म्हणून राहिला. तुमच्या बिलिंगमध्येही असे ‘होता म्हणून राहिलेले’ तुकडे असणार.

म्हणून पहिले दोन दिवस एकही फाइल कॉपी करू नका. एक तक्ता करा. प्रत्येक मॉड्यूलसमोर (कोडच्या सुट्या भागासमोर) चार गोष्टी: ते काय करतं, काय गृहीत धरतं, कशावर अवलंबून आहे, आणि त्याच्या टेस्ट आहेत का. दुसरा रकाना भरताना एकानं प्रश्न विचारायचे, दुसऱ्यानं उत्तरं द्यायची. एकट्यानं बसून तो भरता येत नाही, कारण ज्यानं कोड लिहिला त्याला ती गृहीतकं दिसतच नाहीत. ‘हे रात्री बारा वाजता चाललं तर?’, ‘दोघांनी एकदम दाबलं तर?’, ‘पैसे आलेच नाहीत तर?’ असे बाळबोध प्रश्न इथे सगळ्यात कामाचे.

तुमच्याकडचं सर्वांत मोलाचं मॉड्यूल म्हणजे जीएसटीचा हिशेब. तेच नमुन्याला घेऊ, कारण वरून ते जसंच्या तसं चालेल असं वाटतं आणि आतून चार ठिकाणी अडतं.

एक, राज्य ओळखणं. दुकानाचा कोड बहुधा गिऱ्हाइकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघतो. २३ म्हणजे मध्य प्रदेश, मग सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा). २७ म्हणजे महाराष्ट्र, मग आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहारावरचा कर). पुण्याला शेव पाठवली तर हे बरोबर आहे. पण लग्नासाठी जागा देणं ही स्थावर मालमत्तेशी जोडलेली सेवा आहे, आणि आयजीएसटी कायद्याच्या कलम १२ च्या पोटकलम ३ प्रमाणे तिचं पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे ती वास्तू जिथे आहे ते. पुण्याच्या कंपनीनं इंदूरचं कार्यालय घेतलं तरी कर सीजीएसटी-एसजीएसटीच. जुना कोड इथे बिनदिक्कत आयजीएसटी लावेल. एररही येणार नाही, बेरीजही जुळेल. चूक कळेल ती विवरणपत्र भरताना.

दोन, दर आणि तारीख. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा तुम्ही काय केलंत ते आठवा. सेटिंगमध्ये जाऊन १२ चे ५ केले असतील, तर कोड ‘दर म्हणजे आजचा दर’ असं मानतो. मग २० सप्टेंबरच्या बिलावरचा माल पंचविसाला परत आला की क्रेडिट नोटमध्ये (परत आलेल्या मालाच्या उलट बिलात) ५ टक्के लागतात, जिथे मूळ बिलाचे १२ हवेत. दर हे तक्त्यात ‘या तारखेपासून, या तारखेपर्यंत’ असे हवेत, आणि फंक्शननं तारीख बाहेरून मागायला हवी. हिशेबाच्या आत ‘आज’ विचारणारी ओळ दिसली की ती काढा.

तीन, अ‍ॅडव्हान्स. मालाच्या अ‍ॅडव्हान्सवर सर्वसाधारण करदात्याला त्या वेळी जीएसटी भरावा लागत नाही. नोव्हेंबर २०१७ पासून ती सूट आहे. सेवेला ती नाही. कार्यालयानं पन्नास हजार घेतले की त्याच वेळी कर लागू होतो आणि पावती व्हाउचर द्यावं लागतं. बिल होण्याआधी लग्न रद्द झालं आणि पैसे परत केले, तर परतावा व्हाउचर. तुमच्या डेटाबेसमध्ये या दोन्ही कागदांसाठी टेबलच नसणार. हा भाग नव्यानं लिहायचा, जुन्या बिलाच्या टेबलात ‘प्रकार’ नावाचा कॉलम घुसडून भागवायचं नाही. तो मोह होतोच. पण तसं केलं की जुना विक्री अहवाल अ‍ॅडव्हान्सलाही विक्री धरतो आणि अंतिम बिल झाल्यावर तीच रक्कम दुसऱ्यांदा मोजतो.

चार, पैशाचं राउंडिंग. रकमा दशांशी फ्लोटमध्ये असतील तर त्या पैशांत, पूर्णांक म्हणून साठवा. आणि कर प्रत्येक ओळीवर राउंड करता की बेरजेवर, हे ठरवून लिहून ठेवा. १० रुपये ३० पैशांच्या चार ओळी घ्या. अडीच टक्क्यांनी एका ओळीचा सीजीएसटी २५.७५ पैसे, म्हणजे राउंड करून २६. चार ओळींचे १ रुपया ४ पैसे. बेरीज ४१ रुपये २० पैसे, तिच्यावर थेट अडीच टक्के काढले तर १ रुपया ३ पैसे. दुकानाच्या बिलात एका पैशाला कोणी विचारत नाही. पण तेच मॉड्यूल एका ॲपमध्ये ओळीवर आणि दुसऱ्यात बेरजेवर चाललं, की महिनाअखेरीला सीए फोन करणार.

बिल क्रमांकाचं मॉड्यूलही असंच फसवं. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे क्रमांक सलग, जास्तीत जास्त १६ वर्णांचा, त्यात अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच, आणि आर्थिक वर्षात एकमेव. हे सगळं तुमचा कोड पाळत असेल. पण ‘शेवटचा क्रमांक शोधा, त्यात एक मिळवा’ अशी पद्धत असेल, तर ती एका काउंटरवर टिकली ती नशिबानं. देवउठनी ग्यारसच्या (कार्तिकी एकादशी, लग्नसराईची सुरुवात) आसपास कार्यालयाचे मालक, मुलगा आणि मॅनेजर तिघं तीन फोनवरून पावत्या फाडत असतील, तेव्हा एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या निघतील. क्रमांकासाठी वेगळं टेबल ठेवा, प्रत्येक मालिकेची एक ओळ. ट्रान्झॅक्शनच्या आत ती ओळ लॉक करून वाढवा, आणि पावतीच्या टेबलवर क्रमांक व आर्थिक वर्ष मिळून युनिक की (तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारी अट) लावा. युनिक की विसरू नका. लॉक चुकला तरी ती हात धरते. आर्थिक वर्ष पावतीच्या तारखेवरून ठरवा, लग्नाच्या तारखेवरून नव्हे. जानेवारीत घेतलेला अ‍ॅडव्हान्स आणि मेमधलं बिल वेगवेगळ्या वर्षांच्या मालिकांत पडतात, आणि तसंच पडायला हवं.

आता एका शॉर्टकटबद्दल. तो तुमच्या डोक्यात आला नसेल तर आठवड्याभरात येईल: ‘हॉल म्हणजे एक माल, साठा १. बुकिंग झालं की साठा शून्य. झालं काम!’ नाही होत. साठा ही या क्षणाची संख्या आहे, बुकिंग हा काळाचा तुकडा. साखरपुडा सकाळी, रिसेप्शन रात्री, मांडववाल्याला आदल्या रात्रीपासून जागा, आणि वरचा छोटा हॉल बारशाला वेगळा. साठ्याच्या मॉड्यूलला हे शिकवायला गेलात की पंधरा दिवसांनी साठाही धड राहत नाही आणि बुकिंगही. हे कोरं लिहा. फार मोठं नाही. मायएसक्यूएलमध्ये सोपा मार्ग असा: दिवसाचे सकाळ, संध्याकाळ, रात्र असे तीन भाग करा, प्रत्येक आरक्षणासाठी हॉल, तारीख आणि भाग यांची एकेक ओळ घाला, आणि तिघांवर मिळून युनिक की. दोघांनी एकाच क्षणी तीच रात्र धरली तर दुसऱ्याला डेटाबेसच नाही म्हणेल, तुमच्या पीएचपीला काही करावं लागणार नाही. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस असता तर वेळेच्या रेंजवर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (दोन वेळा एकमेकींवर येऊ न देणारी अट) लावून तासांचीही गाठ मारता आली असती. पण केवळ एवढ्यासाठी डेटाबेस बदलू नका.

यूपीआयचा क्यूआर बनवणारा तुकडा मात्र बिनधास्त उचला. रक्कम आणि खाते घालून चित्र काढणं, एवढंच त्याचं काम. फक्त लक्षात ठेवा की दुकानात पैसे आले की नाही हे काउंटरवरचा माणूस साउंडबॉक्सच्या आवाजावरून ठरवायचा, कोड कधीच नाही. बुकिंगमध्ये पाहुणे नागपुरात बसून पैसे भरणार, तेव्हा खातरजमा पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेच्या) निरोपावरून व्हायला हवी. तो निरोप कधी दोनदा येतो, कधी उशिरा. व्यवहार क्रमांकावर युनिक की लावली तर दुसऱ्यांदा आलेला निरोप मुकाट गिळता येतो.

उचलायचं ठरलं की प्रत्यक्ष कसं? करमॉड्यूलपुरतं सांगतो. दुकानाच्या डेटाबेसमधून साधारण दोनशे जुनी बिलं काढा. नुसती शेवटची दोनशे नकोत. परत आलेला माल, दुसऱ्या राज्यातलं गिऱ्हाईक, सवलत, शून्य कराचा माल आणि दरबदलाच्या आसपासचे दिवस असे सगळे नमुने त्यात हवेत. नावं आणि फोन नंबर तिथल्या तिथे खोटे घाला. प्रत्येक बिलाचं इनपुट आणि आलेलं उत्तर फाइलीत साठवा. ही तुमची टेस्ट. उत्तर बरोबर आहे की चूक हा प्रश्न इथे नाही; कोड हलवताना वागणूक बदलली नाही, एवढंच तपासायचंय. यात एखादं चुकीचं बिल सापडलं तर ते वेगळं लिहून ठेवा. हलवणं आणि दुरुस्ती एकाच कमिटमध्ये (एकदम नोंदवलेल्या बदलात) केलीत तर काय बिघडलं ते शोधताना दिवस जातो.

मग मॉड्यूलच्या आतून बाहेर पसरलेली मुळं तोडा. सेशनमधून युजर वाचणं, कॉन्फिगमधून दुकानाचं राज्य घेणं, मधेच डेटाबेसला हात घालणं, ‘आज’ विचारणं. हे सगळं आर्ग्युमेंट म्हणून बाहेरून द्या. शेवटी फंक्शन असं दिसलं पाहिजे: पुरवठादाराचं राज्य, पुरवठ्याचं ठिकाण, तारीख, आणि ओळी आत, ओळीगणिक कर आणि बेरजा बाहेर. ‘पुरवठ्याचं ठिकाण’ आता बाहेरून येतं, म्हणजे ते ठरवण्याची अक्कल दुकानाच्या आणि कार्यालयाच्या ॲपकडे आपापली राहते. वर सांगितलेली आयजीएसटीची चूक इथे मुळातच सुटते. बाहेरून बोलवायची फंक्शन्स पाच-सहाच्या वर गेली तर सीमारेषा चुकीच्या जागी पडली आहे असं समजा.

प्रत्येक पायरीनंतर ती दोनशे बिलं चालवा. पैसान्‌पैसा जुळला तरच पुढे. आणि आधी दुकानाचं चालू ॲप या नव्या मॉड्यूलवर आणा, कार्यालयाचं नंतर. उलट केलंत तर दोन प्रती तयार होतात आणि दुकानाची जुनी प्रत कायमचं भिजत घोंगडं होऊन बसते.

कॉपी करावी की सामायिक पॅकेज करावं, यावर मतं टोकाची असतात. माझा निकष साधा आहे: जे कायद्यानं बदलतं ते सामायिक, जे गिऱ्हाइकाच्या आवडीनं बदलतं ते कॉपी. करदर बदलला की दोन्ही ॲपना एकाच दिवशी हवा, म्हणून करमॉड्यूल, बिल क्रमांक, आणि रक्कम अक्षरी लिहिणारा लाख-कोटींचा तुकडा हे पॅकेजमध्ये. पावतीचा चेहरा, अहवाल, स्क्रीन हे खुशाल कॉपी करा. कार्यालयाच्या मालकांना पावतीवर गणपती हवाय म्हणून दुकानाच्या बिलाची टेस्ट पुन्हा चालवायची वेळ येऊ नये. लॉगिन कुठलंच नको. फ्रेमवर्कमध्ये आहे ते वापरा. दुकानाचं थर्मल प्रिंटरचं मॉड्यूलही तिथेच राहू द्या, कार्यालयाला ए-फोर कागद लागतो.

पॅकेज खासगी गिट रेपोमध्ये (कोड त्याच्या इतिहासासह ठेवायच्या जागी) ठेवा आणि कंपोजरनं, म्हणजे पीएचपीची पॅकेजं आणणाऱ्या साधनानं, ओढा. व्हर्जन तीन आकड्यांचं. चूक दुरुस्त केली तर शेवटचा आकडा, जुनं न मोडता नवं घातलं तर मधला, जुनं वापरणाऱ्याचं काही मोडणार असेल तर पहिला. करमॉड्यूलच्या बाबतीत एक कडक नियम पाळा: त्याच इनपुटवर एका पैशाचाही फरक पडणार असेल तर पहिला आकडा वाढवायचा, मग बदल कितीही ‘दुरुस्ती’ वाटो. कंपोजरमध्ये टोपीचं चिन्ह (^) लावून १.४ लिहिलं की १.४ पासून २.० च्या आतलं काहीही चालतं, पण ०.३ लिहिलं तर फक्त ०.४ च्या आतलं. लॉक फाइल (नेमकी कोणती व्हर्जन्स बसवली त्यांची यादी) रेपोमध्ये ठेवा, आणि सर्व्हरवर फक्त ‘इन्स्टॉल’ चालवा. तिथे कोणी ‘अपडेट’ चालवलं तर तुमच्या मशीनवर तपासलेलं एक आणि गिऱ्हाइकाकडे चाललेलं दुसरंच, अशी गत होते.

बाहेरच्या लायब्ररींचं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडचं, बघू. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरचं (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांच्या कोठारातलं) लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड अडकले. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीत सुरक्षेचं भगदाड सापडलं, तेव्हा अनेकांचा पहिला प्रश्न ‘ते आपल्याकडे आहे का?’ हा होता. त्यांनी ते स्वतः घेतलं नव्हतं; घेतलेल्या लायब्ररीच्या लायब्ररीतून ते आलं होतं. म्हणून दहा-पंधरा ओळींचं काम असेल तर लायब्ररी नको, स्वतः लिहा. घेतली तर तिच्या पोटात आणखी किती येतात ते मोजा, शेवटचं रिलीज कधीचं ते बघा, सांभाळणारा एकच माणूस आहे का ते बघा. कंपोजरचं ‘ऑडिट’ दर सोमवारी आपोआप चालेल असं लावून टाका. आणि तुमच्या कोडनं लायब्ररीला थेट हाक मारू नये. मध्ये तुमचा स्वतःचा पातळ दुभाष्या ठेवा. म्हणजे लायब्ररी बदलली तरी एकच फाइल बदलते.

या दुभाष्याची किंमत पीडीएफमध्ये लगेच कळेल. दुकानाची बिलं बहुधा इंग्रजीत निघत असणार, डॉमपीडीएफ या लायब्ररीवर. कार्यालयाला पावती मराठीत हवी. डॉमपीडीएफ देवनागरीची अक्षरजुळणी करत नाही: ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या डावीकडे न येता उजवीकडे पडते, ‘श्री’ आणि ‘ज्ञ’ सुटे होतात. फाँट बदलून हे जात नाही. फाँटमध्ये जुळणीचे नियम असतात, पण ते वाचणारं कोणी लागतं. एमपीडीएफ ही दुसरी लायब्ररी ते वाचते. पण तिचं लायसन्स जीपीएल आहे (प्रत वाटली तर सोर्स कोडही द्यायला लावणारं), आणि डॉमपीडीएफचं त्याहून सैल एलजीपीएल. ॲप तुमच्याच सर्व्हरवर चालतंय आणि कार्यालय ब्राउझरमधून वापरतंय, तर जीपीएलचा त्रास नाही, कारण तुम्ही प्रत वाटत नाही. कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर बसवून दिलंत तर ते वाटप झालं, आणि सोर्स कोडच्या अटी लागू होतात. एजीपीएल आणखी पुढे जातं: त्यातला कोड बदलून नेटवर्कवरून वापरायला दिलात तरी वापरणाऱ्याला सोर्स द्यावा लागतो. तिसरा मार्ग म्हणजे सर्व्हरवर बिनखिडकीचा क्रोम चालवून एचटीएमएलची पीडीएफ करणं. देवनागरी अगदी चोख येते, पण मेमरी खातो; स्वस्तातल्या एक जीबीच्या सर्व्हरवर पीडीएफ एकामागून एक रांगेत काढाव्या लागतील. तुमच्या कामाला, सर्व्हर तुमचाच असेल तर, एमपीडीएफ पुरेल.

नाव शोधण्याचं मॉड्यूल हिंदीसाठी लिहिलेलं असेल तर ते मराठी नावांवर अडखळतं. ‘ज़’ आणि ‘ज’ एकच धरण्यासाठी असे कोड अक्षरं फोडून नुक्ता (अक्षराखालचं टिंब) काढून टाकतात. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हाही ‘र’ आणि नुक्ता असाच फुटतो. म्हणजे ‘कऱ्हाडे’चे ‘कर्हाडे’ होतात. शोधापुरती वेगळी किल्ली ठेवलीत तर याचं काही बिघडत नाही. तीच धुतलेली नावं पावतीवर छापली तर यजमान रागावतील. किल्लीत आणखी दोन गोष्टी करा. ‘ळ’चा ‘ल’ करा, कारण इंदुरात घरी काळे आणि आधारवर काले अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. आणि ‘ॲ’ हे अक्षर तीन तऱ्हांनी टाइप होतं: एकसंध ‘ॲ’, ‘अ’वर चंद्र देऊन, आणि ‘ऍ’. युनिकोडचं नॉर्मलायझेशन या तिघांना एक करत नाही, ते तुम्हालाच करावं लागेल.

एसएमएसचं मॉड्यूल चालेल, त्यातला मजकूर आणि किल्ल्या चालणार नाहीत. डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांकडच्या व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीत) दुकानाचं हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि मजकुराचा साचा असलेली टेम्प्लेट दुकानाच्या नावानं नोंदलेली आहेत. कार्यालयाला आपली नोंदणी आपणच करावी लागेल. मजकूर टेम्प्लेटशी जुळला नाही तर निरोप वाटेतच अडतो. नोंदणीला लागणारा वेळ तुमच्या हातात नाही, तेव्हा ते काम पहिल्याच दिवशी मालकांकडे द्या. मॉड्यूलमधली १६० ही मर्यादाही बदला. देवनागरी एसएमएस एका भागात ७० वर्णांचाच, आणि अनेक भागांचा असेल तर प्रत्येकी ६७. १६० वर्णांचा मराठी निरोप म्हणजे तीन एसएमएसचे पैसे. मात्रा आणि वेलांट्याही वर्ण म्हणून मोजल्या जातात हे विसरू नका. लांबी मोजायला बाइट मोजणारं फंक्शन वापरलेलं असेल तर तेही बदला. देवनागरीचा प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो, आणि वीस बाइटांवर नाव कापलं की शेवटचं अक्षर फुटतं.

यातलं काहीही उचलण्याआधी दुकानाशी केलेला करार कपाटातून काढून वाचा. सॉफ्टवेअर कॉपीराइट कायद्याखाली साहित्यकृतीत मोडतं, आणि कंत्राटावर केलेल्या कामाचा पहिला मालक सहसा लिहिणाराच असतो, पण करारात हक्क लेखी सोपवलेले असतील तर तो कोड आता दुकानाचा आहे. तसं असेल तर वापराची लेखी परवानगी घ्या. चहा पिता पिता मिळालेली तोंडी परवानगी धरू नका. जुन्या गिट इतिहासात गेटवेच्या किल्ल्या किंवा गिऱ्हाइकांच्या याद्या असतील, म्हणून नवं रेपो कोऱ्या इतिहासानं सुरू करा.

आता सहा आठवडे. तक्त्याला दोन दिवस. करमॉड्यूल सुटं करून दुकानाच्या ॲपमध्ये परत बसवायला सात-आठ दिवस, क्रमांकाला दोन. बुकिंग आणि तारखांची अदलाबदल, अ‍ॅडव्हान्स, व्हाउचर हे सगळं नवं. तिघं मिळून साडेतीन आठवड्यांच्या आत होणार नाही. मराठी पावत्या आणि नावांचा शोध एक आठवडा, पेमेंट गेटवे एक आठवडा, आणि मालकांच्या माणसांनी खऱ्या नोंदी घालून बघायला किमान दहा दिवस. बेरीज नऊ आठवड्यांच्या आसपास जाते. जुना कोड नसता तर अकरा लागले असते. म्हणजे वाचले ते दोन आठवडे, निम्मं काम नव्हे. मालकांना आजच नऊ सांगा. मुदत देवउठनीच्या तोंडावर येत असेल तर पहिल्या सहा आठवड्यांत तारखांची वही आणि अ‍ॅडव्हान्सच्या पावत्या एवढंच चालू करून द्या, गेटवे आणि अहवाल मागाहून. तोवर त्यांच्या गल्ल्यावरची लाल वही चालू राहू द्या आणि रोज संध्याकाळी ॲपमधल्या नोंदी तिच्याशी ताडून बघा.